साळुंखे सरांची सूचना वही

आमच्या शाळेत भूकंप झाला तेव्हाची गोष्ट आधी सांगते, म्हणजे साळुंखे सर तुम्हाला चटकन कळतील. कोयनेच्या अंगाला राहणाऱ्या माणसाला भूकंपाचं अप्रूप नसतं. भांडी वाजली की आम्ही वर बघतो, पंखा हलतोय का ते पाहतो, आणि परत चपाती लाटायला लागतो. पण त्या दिवशी जरा जोरात बसला. मी गणित-विज्ञान शिकवते, त्या वेळी दहावीवर विज्ञानाचा तास घेत होते. खडू फळ्यावरच मोडला आणि मागच्या भिंतीवरचा नकाशा खिळ्यासकट खाली आला. मी "पळा" म्हणायच्या आत पोरं मैदानात पोचली होती, त्यांच्या मागून मी. दोन मिनिटांत सगळी शाळा लिंबाखाली गोळा झाली. मुख्याध्यापक तेवढे कुठं दिसेनात.

आता सरांना आणायला आत कोण जाणार, म्हणून आम्ही एकमेकांची तोंडं बघतोय, तेवढ्यात शाळेचे शिपाई नामदेवमामा व्हरांड्यातून बाहेर आले. काखेत सूचना वही. चाल नेहमीचीच. माझ्यापुढं त्यांनी वही उघडली. सरांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'सर्व शिक्षकांना सूचित करण्यात येते की, सध्या भूकंप सुरू आहे. तरी सर्वांनी आपापल्या वर्गातील विद्यार्थ्यांना रांगेने मैदानावर न्यावे.' खाली सतरा नावं. मी सही केली. सतरा सह्या झाल्यावर मामांनी त्या बोटानं मोजल्या, वही परत आत नेली, सरांना दाखवली, आणि मग सर बाहेर आले. भूकंप संपून तोवर पाच मिनिटं झाली होती. त्यांनी सगळ्या पोरांवरून नजर फिरवली आणि माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "मॅडम, वाचलंसा का?"

पलूसपासून थोडं आत, उसाच्या रानांत आमचं हायस्कूल आहे. संस्था लहान, इमारत जुनी, शिक्षक सतरा, आणि क्लार्कची जागा दोन वर्षं रिकामी. सर नऊ वर्षं झाली मुख्याध्यापक आहेत. उंच, वाळकुडे, बाराही महिने पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट. खिशाला दोन पेनं, निळं लिहायला आणि लाल खाली रेघ मारायला. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, खांद्याकडे बघतात. मी नवीन होते तेव्हा वाटायचं, माझ्या पदराला काहीतरी लागलंय. महिनाभर मी पदर झटकत होते.

त्यांच्या आधीचे मुख्याध्यापक ओरडायचे. त्यांचा आवाज व्हरांड्यात आला की आमचे पीटीचे शिक्षकसुद्धा सावधानमध्ये उभे राहायचे. साळुंखे सरांचा आवाज मात्र आम्ही वर्षातून दोनदा ऐकतो, पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला, तोही दोन-तीन वाक्यं. बाकी सगळा कारभार वहीतून. तशी सूचना वही प्रत्येक शाळेत असते. मुख्याध्यापक सूचना लिहितात, शिपाई ती वर्गावर्गांत फिरवतो, शिक्षक नावापुढं सही करतात. पण इतर शाळांत ती महिन्यातून पाच-सहा वेळा फिरते. आमच्याकडे दिवसातून तीनदा.

काय काय लिहिलं नाही त्या माणसानं! 'मुख्याध्यापकांस सर्दी झाली आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी.' 'स्टाफरूममधील पंखा बंद होताना वेगळा आवाज करतो काय, याकडे सर्वांनी लक्ष पुरवावे.' 'चहात आले घालावे अगर कसे, याबाबत दोन दिवसांत लेखी मत द्यावे.' आम्ही कोणी मत दिलं नाही, तर तिसऱ्या दिवशी चहाच आला नाही. 'निर्णय प्रलंबित' म्हणून मामांनी सांगितलं. वहीला दोऱ्यानं बांधलेलं पेन एकदा चोरीला गेलं, तर त्याची सूचना फिरली. सही कशानं करायची, हा प्रश्न आम्हाला पडला. सर तिथंही पुढचा विचार करून होते, त्यांनी मामांकडे पेन्सिल दिली होती.

गंमत म्हणजे लिहिताना हा माणूस मंत्रालयात बसल्यासारखा लिहितो आणि तोंड उघडलं की आपल्या पलूसचा. त्यांची दोनच वाक्यं आम्हाला पाठ आहेत. तुम्ही काहीही सांगायला गेलात की पहिलं, "लेखी हाय का?" आणि वही फिरून आल्यावर व्हरांड्यात गाठ पडली की दुसरं, "वाचलंसा का?"

"वाचलं की, सर," आम्ही म्हणायचो.

कोण वाचतंय? खरं सांगते, पहिले दोन-तीन महिने वाचतो माणूस. मग नुसता विषय बघतो. मग आपलं नाव कुठंय तेवढं बघतो. माझं नाव सहावं. एका हातात खडू, समोर पन्नास पोरांचा गलका, मामा दारात उभे. ओढली रेघ, मारला फराटा, की वही पुढं. मामाही वाचायचे नाहीत, ते सह्या मोजायचे. सतरा भरल्या की त्यांचं काम झालं.

सरांचं हे लिहिण्याचं वेड कुठून आलं, ते मला एकदा निकालपत्रकं तपासताना त्यांनीच सांगितलं होतं. नवीन नोकरी होती, शाळा कृष्णेच्या काठावर. पाणी चढायला लागलं तसं तिथल्या मुख्याध्यापकांनी तोंडी सांगितलं, पोरं सोडा. सरांनी सोडली. दुसऱ्या दिवशी एका पालकानं तक्रार केली की पोरांना पाण्यातून एकटं का सोडलं, तर मुख्याध्यापक म्हणाले, मी कुठं सांगितलं? साळुंखे सर आठ महिने निलंबित होऊन घरी बसले, मग निर्दोष सुटले. "सगळी इचारायची, लेखी हाय का," सर म्हणाले. "माज्याकडं न्हवतं. आता आपल्या सतरा माणसांतलं कुणी आसं घरी बसू ने, म्हणून लिवतो." त्या वेळी मी मान हलवली आणि पुढची बेरीज केली.

आता गेल्या वर्षीचं सांगते. फेब्रुवारीत सर दोन दिवस शाळेत आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मामांना पलूसहून फोन आला की सरांच्या मिसेस गेल्या. मिरजेला ऑपरेशन झालं होतं, त्यातून उठल्याच नाहीत. मुलगा एकच, तोही फौजेत, लांब सरहद्दीवर, तो अंत्यविधीला जेमतेम पोचला. आम्ही सगळे गेलो. मला वाईट वाटलं, तसा रागही आला. माझा स्वभावच तसा आहे, वाईट वाटलं की आधी राग येतो. पंख्याची सूचना काढणारा माणूस, स्वतःच्या सर्दीची सूचना काढणारा माणूस, आणि बायकोच्या ऑपरेशनचं चकार शब्दानं सांगत नाही? दहाव्याच्या दिवशी घाटावर मी चारचौघांत बोलले, "सर, आम्हाला कळवायचं तरी. आम्ही काय परके होतो का?"

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. सर माझ्या खांद्याकडे बघत होते. "व्हय," म्हणाले, "चुकलं माजं."

त्यानंतर ते शाळेत आले, वही पहिल्यासारखीच दिवसातून तीनदा फिरू लागली. फरक एकच पडला. "वाचलंसा का?" हे विचारणं बंद झालं. स्टाफरूममध्ये आम्ही म्हणालो, चला, एक कटकट मिटली.

ती कटकट मिटली ती अशी माझ्याच अंगावर आली.

यंदा मी दहावीची वर्गशिक्षिका. वर्गात काजल नावाची मुलगी आहे. जत भागातली, आई-वडील मेंढरांमागं. दिवाळी झाली की ते कळप घेऊन पश्चिमेला उतरतात, ते पावसाळ्याला परततात. काजल इथं आत्याकडे राहते. गणितात असली तल्लख की मी फळ्यावर चुकले तर ही पोरगी नुसती भुवई उचलते, बोलत नाही. त्यांच्या घरात दहावीपर्यंत पोचलेली ही पहिलीच.

हॉलतिकिटं वाटायचा दिवस आला. वर्गात पोरं बावन्न, गठ्ठ्यात तिकिटं एक्कावन्न. मी दोनदा मोजली. सगळी पोरं आपापला फोटो कसा आलाय ते बघत खिदळत होती आणि काजल बाकाशेजारी उभी होती. "मॅडम, माजं उद्या येणार का?" तिनं विचारलं. मी येईल म्हणाले आणि ऑफिसकडे पळाले.

सरांनी वही काढली, पान उघडून माझ्याकडे फिरवलं. 'दहावीच्या वर्गशिक्षकांना सूचित करण्यात येते की, कु. काजल हिच्या दाखल्यावरील व आधार कार्डावरील नावात फरक असल्याने तिचा परीक्षेचा अर्ज थांबलेला आहे. पालकांना समक्ष भेटून दुरुस्त आधार कार्डाची प्रत शनिवारअखेर द्यावी. अन्यथा अर्ज भरता येणार नाही.' 'अन्यथा'च्या खाली लाल रेघ. सहाव्या ओळीत माझी सही. चार पानं पुढं स्मरणपत्र. तिथंही माझी सही, जरा जास्तच झोकदार.

परीक्षेला दहा दिवस राहिले होते.

तेवढ्यात संस्थेच्या सचिवांचा फोन आला. कुणीतरी आधीच कानावर घातलं होतं. सरांना मोबाइलचं तंत्र जमत नाही, घाईत त्यांचं बोट स्पीकरवर पडलं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. सचिव म्हणाले, सूचना दिली होती ना? मग ज्याची सही आहे त्यानं घरी बसायचं. परवा वही घेऊन या, सही बघू आणि निलंबनाचा कागद लगेच काढू. सर नुसतं "व्हय, व्हय" म्हणत राहिले.

सात वर्षं मी विनाअनुदानित तुकडीवर काढली आहेत. दोन वर्षांपूर्वी कुठं मान्यता मिळाली. नवरा कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये आहे, तिथं आज काम आहे, उद्याचं सांगता येत नाही. हे सगळं एकदम डोळ्यापुढं आलं, आणि भीती वाटली की माझं जे होतं तेच झालं. मी सरांवर उखडले.

"नुसतं लिहून ठेवलं की तुमचं काम संपलं का, सर? माझी सही घेतली आणि तुम्ही सुटलात. इथून दहावीचा वर्ग चाळीस पावलं आहे. चाळीस पावलं चालून एकदा तोंडानं विचारलं असतं, तर काय बिघडत होतं?"

चूक माझी, आणि बोलत होते मी. मामा दारातून बघत होते. सरांनी सगळं ऐकून घेतलं, मग वही ओढली आणि लिहायला लागले. इतका संताप आला मला! इथं पोरीचं वर्ष चाललंय, माझी नोकरी चालली आहे, आणि हा माणूस लिहितोय. वही मामांनी माझ्याच पुढं धरली. उद्या मुख्याध्यापक व मोहिते मॅडम बोर्डाच्या कामासाठी कोल्हापूरला जातील, असं होतं. मोहिते मॅडम म्हणजे मीच. मी ऑफिसात त्यांच्या समोर उभी राहून सही केली.

संध्याकाळी काजलच्या आत्याकडे गेले. आधार कार्ड पत्र्याच्या ट्रंकेत होतं, दिवाळीतच दुरुस्त करून आणलेलं. आत्यानं काढून दिलं, वर चहा केला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. दहा मिनिटांचं काम मी दोन सह्या करून टाळलं होतं. निघताना आत्या म्हणाली, "पोरगी लय आब्यास करती, मॅडम. पर तिचा बा म्हणलाय, यंदा बसली न्हाई तर पुढल्या साली मेंढरांमागं यायचं." काजल चुलीपाशी बसून गणितं सोडवत होती. तिनं वर बघितलं नाही, पण हात थांबला होता.

सकाळी नवरा गाडीला किक मारता मारता म्हणाला, "वही सचिवांकडं जायच्या आधी तुज्या हातात येणार न्हाई का? पान फाटतंच की कवातरी." मी त्याला म्हणाले, काहीतरीच काय बोलताय. पण एसटीत बसल्यापासून माझ्या डोक्यात तेच.

सर शेजारी बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत वही. कोल्हापूरपर्यंत ती त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली. बोर्डाच्या कार्यालयात आम्हाला बाकावर बसवलं. तासाभरानं आत बोलावणं आलं, तेही एकालाच. सर उठले, कागदांची फाइल तेवढी घेतली आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"वही सांबाळा," म्हणाले.

दार लागलं. मी एकटी. व्हरांड्यात कोणी नाही. मी वही काढली.

माझ्या दोन सह्या असलेली दोन पानं मला लगेच सापडली. अंगठा आणि बोट पानाच्या कडेला लावलंसुद्धा. आणि मग दिसलं, कोपऱ्यात लाल शाईनं पानाचा नंबर. फाटलं तर नंबर तुटणार. म्हटलं, सगळ्याच पानांना आहेत का बघू, मध्ये एखादं चुकलं असेल तर निभेल. म्हणून मी मागं मागं पानं उलटू लागले. जाड वही, दीड वर्षाची. पंखा, आलं, पेन, सर्दी, सगळे नंबर ओळीनं लागलेले. उलटता उलटता 'मिरज' हा शब्द दिसला आणि माझा हात थांबला.

गेल्या फेब्रुवारीतलं पान. 'सर्व शिक्षकांना कळविण्यात येते की, मुख्याध्यापकांच्या पत्नी सौ. सुमन यांचे उद्या सकाळी मिरज येथे ऑपरेशन आहे. मुख्याध्यापक दोन दिवस रजेवर राहतील. चिरंजीवांस रजा मिळालेली नाही. दवाखान्यात सोबतीस कोणी नाही. ज्यांना शक्य असेल त्यांनी थोडा वेळ यावे, ही विनंती. सक्ती नाही.'

खाली सतरा नावं आणि सतरा सह्या. सहावी माझी.

मी ते पान किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. नऊ वर्षांत त्या माणसानं वहीत 'विनंती' हा शब्द दुसरीकडे कुठं लिहिलेला मला आठवत नाही. सतरा सह्या घेऊन सर मिरजेला गेले असणार. आता कुणी येईल, मग कुणी येईल, म्हणून दाराकडे बघत बसले असणार. आणि दहाव्याला मी त्यांना चारचौघांत सुनावलं होतं, कळवायचं तरी. त्या वेळी त्यांना म्हणता आलं असतं की बाई, जाऊन वहीत स्वतःची सही बघ. तर ते म्हणाले, चुकलं माजं. मला इतकी लाज वाटली की त्या परक्या व्हरांड्यात तोंडाला पदर लावून मी रडले.

आतून आवाज येत होता. आधी मला ओळखूच आला नाही, कारण तो आवाज मोठा होता. साळुंखे सर बोलत होते. एकामागून एक वाक्यं, न थांबता. "सायेब, पोरगी लय हुशार हाय. तिचा आईबा रानोमाळ फिरत्यात. चूक आमची, तिची न्हवं. तुमी म्हणाल तिथं सही करतो, पर पोरीला बसवा." अर्धा तास ते बोलत होते. माणसाला एवढं बोलता येत होतं तर.

बाहेर आले तेव्हा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. "झालं," म्हणाले. "परवा हॉलतिकीट मिळंल." मग त्यांना माझ्या मांडीवरचं उघडं पान दिसलं. ते उभे राहिले.

"सर, माझी सही आहे यावर," मी म्हणाले.

"हाय की. सतरांची हाय." त्यांनी वही माझ्या हातातून हळूच घेतली, मिटली, पिशवीत घातली. "ऱ्हाऊ द्या, मॅडम. सक्ती न्हवती."

एसटीत मी त्यांना सांगितलं, काजलच्या प्रकरणात चूक माझी आहे, मी संस्थेला तसं लिहून देते. सर खिडकीकडे बघत म्हणाले, द्या की लेखी. मी शाळेत आल्या आल्या दिलं. त्यांनी ते शिक्का मारून घेतलं, आवक नंबर टाकला आणि टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं. सचिवांकडे ते गेलंच नाही. सचिवांकडे गेला तो सरांचा स्वतःचा खुलासा, आणि तो मला मामांनी नंतर दाखवला. 'सूचना दिली होती, परंतु ती वाचली गेली किंवा कसे याची खात्री मुख्याध्यापकांनी केली नाही. कार्यालयापासून दहावीचा वर्ग चाळीस पावलांवर असूनही समक्ष विचारणा केली नाही. सबब जबाबदारी मुख्याध्यापकांची आहे.' माझीच चाळीस पावलं त्यांनी स्वतःवर घेतली होती.

मे अखेर सर निवृत्त होतायत. इतक्या वर्षांच्या नोकरीत सेवापुस्तकाला डाग नव्हता, तो शेवटच्या वर्षी लागला. संस्थेनं लेखी ताकीद दिली. आणि सरांनी काय करावं? त्यांनी ती वहीतून फिरवली. 'मुख्याध्यापकांस ताकीद देण्यात आली आहे. माहितीस्तव.' सोळा जणांनी न वाचता सह्या ठोकल्या. मी वाचून केली.

काजल पहिल्या पेपरला बसली. मी केंद्रावर गेले होते, ती आत जाईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आत जाताना तिनं मागं वळून भुवई उचलली.

पेपरानंतरच्या शुक्रवारी मामा वही घेऊन माझ्या दारात आले. मी खडू खाली ठेवला आणि पहिल्या शब्दापासून वाचलं. 'रविवारी कै. सौ. सुमन यांचे वर्षश्राद्ध आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी दुपारी घरी यावे. सक्ती नाही.' माझ्या आधीच्या पाच सह्या होऊन गेल्या होत्या. मामा म्हणाले, "करा की मॅडम, पुढं जायचंय."

मी सही केली, आणि म्हटलं, वही माझ्याकडे द्या, आज मी फिरवते. पोरांना गणित घातलं आणि निघाले. आधी ज्या पाच जणांनी सह्या केल्या होत्या त्यांच्याकडे गेले. मग उरलेल्यांकडे. प्रत्येकाच्या दारात उभी राहिले, सही होऊ दिली, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून विचारलं, "वाचलंसा का?"

"वाचलं की," पीटीचे शिक्षक म्हणाले.

"काय लिहिलंय सांगा."

त्यांनी परत वही घेतली आणि वाचली. मग मी मागचं पान उघडलं, मिरजेचं. त्यांची तिसरी सही होती. त्यांनी आपल्या सहीवर बोट ठेवलं आणि पान पुन्हा वरून वाचलं. असंच सोळा दारांत झालं. मराठीच्या बाई तर वर्ग चालू असताना खुर्चीवर बसल्या. शेवटी व्हरांड्यात नामदेवमामांनी स्वतःहून ते पान मागितलं, वाचलं, आणि म्हणाले, "मी सह्या मोजल्या त्या दिशी. सतरा भरल्या म्हणून सरांना सांगितलं."

रविवारी आम्ही सगळे पलूसला गेलो. सतरा शिक्षक आणि मामा, कुणी बायकोला घेऊन, कुणी पोरांना. सरांच्या दारात चपला मावेनात, त्या रस्त्यावर आल्या. माझ्या हातात भाजीचं पातेलं होतं. दार उघडंच होतं. आत पाटावर सुमनकाकूंचा फोटो, त्याला हार, आणि शेजारी जमिनीवर पानं मांडलेली. पानं दोन होती. एक नैवेद्याचं, एक सरांचं.

सर स्वयंपाकघरातून भाताचं छोटं पातेलं घेऊन बाहेर आले आणि दारातली गर्दी बघून जागीच थांबले. एकेकाच्या खांद्याकडे बघत त्यांची नजर पार रस्त्यापर्यंत गेली आणि परत आली. हातातलं पातेलं त्यांनी खाली ठेवलं, परत उचललं.

"आवं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, "येणार हाय म्हणून कळवायचं तरी."

मराठीच्या बाई पदर खोचून आत गेल्या आणि तांदळाचा डबा शोधू लागल्या.